जुनी फोर बाय फोर घ्यायचीय, आडवाटेला न्यायला. साधी घेऊ की नवी इलेक्ट्रॉनिक?

नवी_पायवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं. पुढच्या वर्षी लांब सुट्टी काढून दोन-तीन महिने भटकायचं ठरवलंय, आणि तेही अशा भागात जिथे चार-चार दिवस वस्ती नाही, पंप नाही, मोबाइलला रेंज नाही. नवी फोर बाय फोर परवडत नाही, सरळ सांगतो. म्हणून सेकंडहँड. तीन गाड्या नजरेत आहेत. पहिली वीस-बावीस वर्षं जुनी, मोठी, साधं डिझेल इंजिन, साडेतीन लाख किमी झालेली. दुसरी दहा वर्षांची डबल कॅब पिकअप, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं, जास्त दाबाचं) टर्बो डिझेल, ऑटोमॅटिक. तिसरी छोटी पेट्रोल, दोन दारांची.

मित्र म्हणतो जुनी घे, ती हातोडीने दुरुस्त होते. मेव्हणा म्हणतो जुनी घेतलीस तर हातोडी उशाशी घेऊन झोपावं लागेल. मला स्टेपनी बदलता येते, इतकीच माझी विद्या. तर जुनी साधी की नवी इलेक्ट्रॉनिक? आणि बघायला जाताना नेमकं काय बघू?

टायरवेडा
वाचतोय. चांगला विषय.

शंकेखोर
आधी हे सांगा की फोर बाय फोर लागणारच आहे का? रस्ता नुसता खराब आहे, दगड-खड्डे आहेत, तर उंच गाडी आणि चांगले टायर पुरतात. आम्ही साध्या टू व्हील ड्राइव्हने कुठेकुठे जाऊन आलोय. फोर बाय फोर म्हणजे जास्तीचा शाफ्ट, जास्तीचा डिफ (डिफरन्शियल, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर), जास्तीची ऑइल सीलं, म्हणजेच बिघडायला जास्तीच्या जागा. हौस असेल तर घ्या, ना नाही.

चिखलमहर्षी
@शंकेखोर, कोरड्यात मान्य. पण वाळू, ओला चिखल, नदीपात्रातले गोटे आले की हौस-बिस राहत नाही. आणि खरी गोम चार चाकं ओढतात यात नाहीच, ती लो रेंजमध्ये आहे. लो टाकलं की गाडी साधारण अडीचपट हळू आणि तितकीच जोरकस होते, क्लच न जाळता दगडावरून चढता येतं, उतारावर ब्रेक न तापवता इंजिनवर उतरता येतं. तेव्हा पायवाटभाऊ, जाहिरातीत नुसतं 'ऑल व्हील ड्राइव्ह' लिहिलेलं असेल आणि लो रेंजचा लिव्हर किंवा खटका नसेल तर ती गाडी यादीतून काढा. बर्फाळ डांबरी रस्त्याला ती ठीक, तुमच्या कामाची नाही.

अजून एक. पार्ट टाइम आणि फुल टाइम यातला फरक समजून घ्या. पार्ट टाइमला मधला डिफ नसतो, त्यामुळे वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि तो फरक जायला वाट मिळत नाही. माती-वाळूत चाक घसरून सुटतं, डांबरावर सुटत नाही, सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात, बसतो. मागच्या मालकाने हौसेने गावभर फोर एचमध्ये (फोर व्हील, हाय रेंज) गाडी फिरवली असेल तर ट्रान्सफर केस त्याची साक्ष देईल.

मिस्त्रीबुवा
कंपनी, मॉडेल नंतर. आधी गाडी बघायला जायचं कसं ते शिका.

मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आधी विचारा का म्हणून. थंड डिझेल इंजिन कसं उठतं त्यात अर्धी कुंडली असते. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा, नुसती वाफ आली तर ठीक, भकाभका धूर फेकला आणि झाकण नाचायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंग-पिस्टन संपले. सायलेन्सरचा धूर निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा येत राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, हा त्यातल्या त्यात स्वस्तातला रोग. कुलंटच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा लगदा दिसला की नमस्कार करून निघा.

मग खाली झोपा. हो, झोपाच, जुने कपडे घालून जा. डिफचा वरचा प्लग उघडून करंगळीने तेल बघा, दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. गरम डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, बंद असेल तर सीलमधून पाणी ओढून घेतो. नंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कटकट आली तर पुढचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा सांधा, गेला. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर बेअरिंग किंवा नकल, म्हणजे पुढचं चाक वळवणारा सांधा.

दूरगामिनी
मिस्त्रीबुवांनी बॉनेटखालचं सांगितलं, मी चेसिसचं सांगते, कारण इंजिन बदलता येतं, सडलेली लॅडर फ्रेम (शिडीसारखी चेसिस) बदलणं म्हणजे दुसरी गाडीच बांधणं. मी पहिल्या गाडीत इथेच फसले होते. वरून पत्रा चकाचक, आत गाद्या नवीन, आणि खाली मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसिस इतकी पोकळ की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तोही मी विकत घेतल्यावर दोन महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी गाडी वर घेतली तेव्हा! समुद्राकाठची किंवा रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागातली गाडी असेल तर जास्तच जपा. छोटी हातोडी न्या आणि ठोकत जा, निरोगी लोखंड टणटण वाजतं, सडकं धप्प आवाज करतं. आणि खाली ताजा काळा कोटिंग मारलेला दिसला तर मालकाचं कौतुक करू नका, तो काय झाकतोय ते विचारा.

गंजानन
मालकाला गंज दाखवला की तो म्हणतो 'तो रंगच तसा आहे साहेब.'

व्याकरणमित्र
अवांतर: ताई 'चेसिस' स्त्रीलिंगी वापरतात, आमच्याकडे 'तो चासी' म्हणतात. नेमकं काय?

दूरगामिनी
भोक पडलं की ते चेसिस. नपुंसक.

गिअरबदलू
😂

विषयावर येतो. पायवाटभाऊंनी कंपन्यांची नावं मुद्दाम टाळलेली दिसतायत पण नावं घेतल्याशिवाय ही चर्चा होत नाही. माझ्या मते आडवाटेला जगभर चालणारी नावं थोडीच आहेत. टोयोटाची ७० सिरीज १९८४ ला आली आणि अजून बनते, यातच काय ते आलं. तिच्यातलं १एचझेड इंजिन, ४.२ लिटर, सहा सिलेंडर, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. पळत नाही, पण चालत राहतं. टायमिंग बेल्ट मात्र वेळेवर बदलायचा, तिथे भक्ती चालत नाही. निसानची पट्रोल (Patrol) वाय६१, १९९७ पासूनची, पुढे-मागे दोन्हीकडे दोन चाकांना जोडणारा एकसंध सॉलिड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग, दणकट. जुनी लँड रोव्हर डिफेंडर, जिचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं, कायम फोर व्हील आणि मधला डिफ लॉक करता येतो, वरचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे पण चेसिस लोखंडाची, म्हणजे ताईंची हातोडी तिथेही लागणारच. पजेरोचं सुपर सिलेक्ट, म्हणजे तिची फोर व्हीलची पद्धत, मला फार आवडतं, डांबरावरही फोर एचमध्ये चालवता येते, पण १९९९ नंतरची पिढी मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेली) आहे हे लक्षात ठेवा. आणि जिम्नी. लहान आहे म्हणून हसू नका, लॅडर फ्रेम, दोन्ही सॉलिड अ‍ॅक्सल, लो रेंज, सगळं खरं आहे तिच्यात. हलकी असल्यामुळे जिथे मोठ्या गाड्या रुततात तिथून ती तरंगत जाते.

शंकेखोर
तरंगत जाते आणि डिझेलचे कॅन, पाणी, तंबू कुठे ठेवते? टाकी फक्त ४० लिटरची आहे. दोन माणसं, तीन महिने. टपावर रचलं तर उलटेल.

गिअरबदलू
पेट्रोलचे कॅन. ती पेट्रोलवर चालते. बाकी मुद्दा मान्य.

वायरशत्रू
मूळ प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं आहे. जुनी साधी. विषय संपला. ज्या इंजिनाला बंद पाडायला एक सेन्सर पुरतो ते घेऊन निर्जन भागात जाणं हा मूर्खपणा आहे. कॉमन रेलमध्ये १६०० बारच्या वरती दाब असतो, नोझलची भोकं केसासारखी बारीक, कॅनमधलं पाणी किंवा घाण गेली की चारही नोझल आणि पंप गेलाच, बिल बघून माणूस रडतो. वर डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर), वर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). जास्त गंधकाचं डिझेल मिळालं की फिल्टर चोंदतो. जुना पंप काहीही पितो.

प्रोग्रामर_भटक्या
काहीही पीत नाही हो. पाण्याने जुना रोटरी पंपही मरतो, कारण त्याला वंगण डिझेलचंच मिळतं. फरक एवढाच की तो हळू मरतो आणि दुरुस्तीला कमी पैसे लागतात.

मी अकरा वर्षं कॉमन रेलवाली पिकअप वापरतोय, आडवाटेलाच. दोनदा लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे बिघाड दिसला म्हणून कॉम्प्युटरने ताकद कमी केली. पहिल्यांदा घाबरलो. दुसऱ्यांदा खिशात ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं) यंत्र होतं, मोबाइलवर कोड वाचला, टर्बोच्या दाबाचा सेन्सर. पाइपचा क्लॅम्प निसटला होता, स्क्रूड्रायव्हरने पाच मिनिटांत बसवला. जुन्या इंजिनात तोच क्लॅम्प निसटला असता तर धूर बघत अंदाज बांधत बसलो असतो. आणि खरं सांगू का, इतक्या वर्षांत मी रस्त्यात अडकलो तो इलेक्ट्रॉनिक्समुळे नाहीच. एकदा रेडिएटरचा होज, एकदा बॅटरीचं टर्मिनल, दोनदा टायर, एकदा मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर माउंटिंगसकट तुटला. यातलं काहीही १९८५ च्या गाडीत झालं असतं.

वायरशत्रू
अकरा वर्षं तुम्हीच वापरताय ना? मग तुम्हाला तिचा प्रत्येक बोल्ट माहीत आहे. हे दुसऱ्याची दहा वर्षांची घेणार आहेत. फरक आहे.

प्रोग्रामर_भटक्या
हे मात्र मान्य. पण मग तुमच्या जुन्या साध्या गाडीलाही तेच लागू होतं की, तिला तर बावीस वर्षांत चार मालक झालेले असणार.

मिस्त्रीबुवा
भांडा नका. माझ्याकडे दोन्ही येतात, दोरीला बांधूनच येतात 🙂

पायवाटभाऊ, पिकअप ऑटोमॅटिक म्हणालात ना, तिच्या गिअरबॉक्सचं तेल बघा. लालसर आणि बिनवासाचं असेल तर बरं, तपकिरी-काळं आणि जळका वास असेल तर वाळूत किंवा ट्रेलर ओढून तापवलेली आहे. जास्तीचा ऑइल कूलर बसवलाय का तेही बघा. ऑटोमॅटिक वाळूत वाईट नाही, उलट सोपी पडते, पण उष्णता तिचा काळ आहे.

ओझेवाहक
सगळे इंजिनाबद्दल बोलतायत, वजनाबद्दल कोणीच नाही. जाहिरातीत 'पूर्ण तयार एक्सपीडिशन गाडी' लिहिलेलं असतं ना, लोखंडी बंपर, विंच (रुतलेली गाडी ओढायची चरखी), टपावर तंबू, मागे ड्रॉवर, दुसरी बॅटरी, फ्रिज. ते सगळं पेलोडमधून, म्हणजे गाडीला पेलता येणाऱ्या ओझ्यातून, वजा होतं. हिशोब करा, तुम्ही दोघं १४० किलो, पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, जास्तीचं डिझेल ४० लिटर म्हणजे ३४ किलोच्या आसपास, कॅन वेगळे. टपावरचा तंबू ६०, बंपर-विंच मिळून १००, दुसरी स्टेपनी ३५, हत्यारं-जॅक-दोर ४०. अन्न, कपडे, भांडी अजून यायचीयत आणि ५०० च्या जवळ आलोच. कागदावर टनभर दिसणारी पिकअप अशी भरते की पाटे उलटे होतात, आणि चेसिस वाकते ती बहुतेक वेळा डबल कॅबच्या मागे, जिथे हौदा सुरू होतो तिथेच, कारण ओझं मागच्या अ‍ॅक्सलच्याही पाठीमागे लटकलेलं असतं. बघायला जाल तेव्हा कॅब आणि हौदा यांच्यातली फट बाजूने बघा. वर आणि खाली सारखी आहे का? वर रुंद, खाली अरुंद किंवा उलटं असेल तर माझ्याकडून नमस्कार सांगा.

टायरवेडा
अरे वा, हे मला माहीत नव्हतं.
टायरबद्दल माझ्याकडून. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी म्हातारं रबर दगडावर फाटतं. आणि चारही टायर एका मापाचे, एकसारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर व्हीलमध्ये तोच पीळ बसतो जो महर्षींनी सांगितला. मातीचे मोठमोठ्या गोट्यांचे एमटी (मड टेरेन) टायर दिसायला भारी पण लांबच्या प्रवासात कान किटतात, एटी (ऑल टेरेन) घ्या.

नवी_पायवाट
मंडळी, किती लिहिलंत! आज पहिली बघून आलो, मोठी, जुनी. अहवाल देतो.

फोन करून सांगितलं होतं तरी पोचलो तेव्हा बॉनेट गरम. मालक म्हणाला 'तुमच्यासाठी धुऊन आणली.' इंजिन एका फटक्यात चालू, आवाज तर काय सुंदर, मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मग खाली झोपलो. पुढून मागेपर्यंत ताजा काळा कोटिंग, वास पण येत होता. हातोडी काढली तर मालकाचा चेहरा बदलला. मग म्हटलं जरा लो रेंज टाकून दाखवा. लिव्हर हलेचना. आम्ही दोघांनी मिळून ओढला तरी हलला नाही. तर म्हणतो कसा, 'कधी वापरलंच नाही ना, म्हणून आतून नवंकोरं आहे.'

गंजानन
न वापरलेला लिव्हर आणि वापरलेला मालक.

चिखलमहर्षी
बाहेर या तिथून. लिव्हर कधीकधी नुसता जॉइंट गंजल्याने अडकतो, तेल-पाण्याने सुटतोही, त्यात फार नाही. पण गरम बॉनेट, ताजं डांबर आणि अडकलेला लिव्हर हे तिन्ही एका दिवशी? नको.

नवी_पायवाट
पिकअपचंही सांगून टाकतो. ओझेवाहकदादा, फट बघितली. वर दोन बोटं जातात, खाली एकही नाही. तुमचा नमस्कार पोचवला.

ओझेवाहक
🙏 तुमचे पैसे वाचले.

वायरशत्रू
म्हणजे आता राहिली छोटी पेट्रोल. हा हा हा. माझी आणि प्रोग्रामरची भांडणं फुकट गेली.

दूरगामिनी
घाई करू नका. गाड्या खूप आहेत, तुमचे पैसे एकदाच आहेत. आणि सगळे पैसे गाडीत घालू नका, निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. कितीही चांगली गाडी मिळाली तरी सगळी तेलं, फिल्टर, बेल्ट, होज, बॅटरी आणि बहुधा टायर आल्या आल्या बदलावे लागतात. मी तर जुने बेल्ट आणि होज फेकत नाही, चालू स्थितीत असतील तर तेच सुटे भाग म्हणून गाडीत ठेवते, ते बसतात हे आधीच सिद्ध झालेलं असतं.

नवी_पायवाट
दीड महिन्याने लिहितोय. गाडी घेतली!

यादीत नव्हतीच ही. सोळा वर्षांची, लांब व्हीलबेस, मॅन्युअल, टर्बो डिझेल, मधल्या काळातली म्हणजे पंप आहे पण त्यावर थोडं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे, तेव्हा वायरशत्रू आणि प्रोग्रामर दोघंही अर्धे जिंकले. दोन लाख साठ हजार किमी. दिसायला कुरूप, एका दाराचा रंग वेगळा, आत गादी फाटलेली. पण मालक एकच, निवृत्त सर्व्हेअर, आणि त्यांच्याकडे जाडजूड फाइल. प्रत्येक ऑइल बदल, तारीख, किमी, कोणतं तेल. ट्रान्सफर केसचं तेल कधी बदललं तेही. बॉनेट गार होतं. लो रेंज त्यांनी स्वतः टाकून दाखवली, म्हणाले महिन्यातून एकदा अंगणातल्या मातीवर टाकतोच, नाहीतर सांधे आखडतात, माझेही. हातोडी टणटण वाजली. दोषही त्यांनीच सांगितले, पुढच्या डाव्या नकलचं सील गळतंय आणि टायमिंग बेल्ट जवळ आलाय. टायरचा कोड त्यांनी सांगितला नाही, तो मी वाचला, सात वर्षं जुने. तेवढे कमी करून दिले त्यांनी.

मिस्त्रीबुवा
शाब्बास. नकलचं सील म्हणजे अर्ध्या-पाऊण दिवसाचं काम, त्याच वेळी बेअरिंग साफ करून ग्रीस भरून घ्या. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंपही बघून घ्या, त्यासाठी परत खोलायला लावू नका.

तुमचा मूळ प्रश्न जुनी साधी की नवी इलेक्ट्रॉनिक असा होता ना? तुम्ही फाइल विकत घेतलीत, गाडी तिच्याबरोबर आली.

प्रोग्रामर_भटक्या
अभिनंदन! आता महिनाभर जवळपासच्या कच्च्या रस्त्यांवर चालवा, भरलेल्या सामानासकट. जे तुटायचं ते घराजवळ तुटू दे.

चिखलमहर्षी
आणि पुढे-मागे चेसिसला पक्के बोल्ट केलेले ओढायचे हुक आहेत का बघा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही दोर अडकवून झटका देऊ नका, तो तुटला की गोळीसारखा सुटतो, माणसं मेलीयत त्याने. वाळूत आधी टायरची हवा १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, निम्म्या वेळा दोर काढायची वेळच येत नाही. परत डांबरावर आलात की भरायची मात्र, म्हणून चांगला कॉम्प्रेसर घ्या.

नवी_पायवाट
प्रोग्रामरसाहेब, तुमचं ऐकून काल अंगणातच स्टेपनी बदलायचा सराव केला, माझी एकमेव विद्या ना ती. एकही नट सुटला नाही. गाडीबरोबरचा पाना आहे आणि मी त्यावर उभा राहिलो होतो, अक्षरशः उभा.

टायरवेडा
कोणीतरी एअर गनने आवळलेत. मीटरभर लांबीचा पोकळ पाइप त्या पान्यावर चढवा, तो पाइप कायमचा गाडीतच ठेवा. आणि चाक उचलायच्या आधी सैल करा, जॅकवर असताना नको. परत आवळताना मात्र पाइप काढून हातानेच.

नवी_पायवाट
सुटले. पाचवा सुटताना आलेल्या आवाजाने शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सहावा आता करतो.